व्हायोलिनवाली गेली म्हणून व्हायोलिनवालीच शोधायची का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. पाच जणांचा बँड आहे, तबला, गिटार, कहोन (बसून वाजवायचं खोक्यासारखं तालवाद्य), व्हायोलिन आणि एक गायिका, तीन वेगवेगळ्या देशांतली मंडळी, दोन वर्षं झाली एकत्र वाजवतायत. रिहर्सलला मजा येते पण ऐकणारे म्हणतात की दोन बँड शेजारी शेजारी बसून वाजवतायत असं वाटतं. त्यात व्हायोलिनवाली आता दुसऱ्या देशात चाललीय. तर 'शक्ती'सारखे बँड (जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार आणि झाकीर हुसेन यांचा तबला असलेला सत्तरच्या दशकातला बँड) मुळात जमले कसे, इतकी वर्षं बदलत कसे गेले, आणि आता नवीन व्हायोलिनवाली शोधायची का.

मी तबला वाजवतो, २७ वर्षं झाली, त्यातली वीसेक वर्षं अशाच सरमिसळ बँडांमध्ये गेली, काही चालले, काही दुसऱ्या गिगलाच फुटले. त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो: लगेच शोधू नका. का ते सांगायला मला जरा लांबून यावं लागेल.

लोकांना वाटतं असे बँड आयडियेतून जन्मतात, म्हणजे कुणीतरी बसून ठरवलं की चला, एक इंग्रज गिटारवाला, एक मुंबईचा तबलजी, एक मद्रासचा व्हायोलिनवाला आणि एक घटम म्हणजे मडकं वाजवणारा, झाला बँड. शक्तीचा फोटो बघितला की असंच वाटतं. पण प्रत्यक्षात ती गोष्ट शिकवणीतून सुरू झाली, आणि माझ्या मते सगळं गुपित तिथंच आहे.

जॉन मॅक्लॉफ्लिन हा यॉर्कशरचा माणूस, १९४२ चा जन्म, १९६९ ला न्यूयॉर्कला आला आणि थेट जॅझ ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या रेकॉर्डिंगांत बसला. मग १९७१ ला त्याने महाविष्णू ऑर्केस्ट्रा काढली. आता गंमत बघा, तो बँडही पासपोर्टांच्या हिशोबाने मल्टिकल्चरलच होता: ड्रमर बिली कोबम पनामात जन्मलेला, कीबोर्डवर यान हामर प्रागचा, बेसवर रिक लेर्ड डब्लिनचा. पण कुणी त्याला वर्ल्ड म्युझिक म्हटलं नाही, कारण सगळे एकच भाषा बोलत होते, इलेक्ट्रिक जॅझ रॉक, आणि तीही कान फुटतील इतक्या आवाजात. बँडमध्ये चार देश असणं आणि बँडच्या आत चार संगीतं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुम्ही तुमच्याबद्दल विचार करताना हे आधी तपासा.

तर हा माणूस, ज्याच्याकडे तेव्हा नाव होतं, पैसा होता, हॉल भरत होते, तो त्याच सुमारास कनेक्टिकटमधल्या वेस्लियन युनिव्हर्सिटीत डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकायला जात होता. गिटारिस्ट म्हणून मिरवायला नाही, विद्यार्थी म्हणून, सारेगम पासून. त्याच वेस्लियनमध्ये एल. शंकर होता, पंचविशीही न गाठलेला, तिथं पीएचडी करत होता, घरचं व्हायोलिन, वडील व्ही. लक्ष्मीनारायण यांच्याकडून आलेलं. आणि तिथंच रामनाड राघवन मृदंगम शिकवत होते. बाय द वे, 'वर्ल्ड म्युझिक' हा शब्दही बऱ्याच अंशी याच कॅम्पसचा आहे, रॉबर्ट ब्राउन नावाच्या तिथल्या प्राध्यापकांनी साठच्या दशकात वापरात आणला, ते स्वतः टी. रंगनाथन यांच्याकडे मृदंगम शिकलेले. त्यांच्या डोक्यातला अर्थ साधा होता, की परक्या संगीताबद्दल नुसतं वाचायचं नाही, ते वाजवायला शिकायचं. पुढे जून १९८७ मध्ये लंडनच्या एका पबमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं बसली आणि दुकानातल्या रॅकवर चिकटवायला त्यांनी तोच शब्द उचलला, आणि तेव्हापासून त्याचा अर्थ 'इंग्रजीत नसलेलं सगळं' असा होऊन बसला. मला या शब्दाची चीड येते ती दुसऱ्या अर्थाने, पहिला अर्थ अजूनही मला पटतो.

झाकीरभाईंची आणि मॅक्लॉफ्लिनची ओळख न्यूयॉर्कमधली, सत्तरच्या आसपासची, झाकीरभाई तेव्हा नुकतेच अमेरिकेत आलेले, विशीसुद्धा धड संपली नव्हती. दोघं पहिल्यांदा नीट एकत्र वाजवायला बसले ते कॅलिफोर्नियात, उस्ताद अली अकबर खाँसाहेबांच्या घरी. म्हणजे स्टेज नाही, मॅनेजर नाही, रेकॉर्ड कंपनी नाही. बँडचं नाव ठरायच्या आधी दोन तीन वर्षं ही माणसं एकमेकांच्या घरी, क्लासमध्ये, एकमेकांकडून काहीतरी घेत होती.

याच्या उलट उदाहरण घ्या. १९६६ ला लंडनमध्ये कलकत्त्यात जन्मलेले जॉन मेयर आणि जमैकाचा सॅक्सोफोनवाला जो हॅरियट यांनी मिळून इंडो जॅझचा प्रयोग केला, पाच जॅझवाले आणि पाच भारतीय वाद्यांचे, असा दुहेरी पंचक. मेयर मूळचे कंपोझर, त्यांनी सगळं कागदावर लिहून दिलं. ते ऐकायला आजही छान वाटतं, त्या काळात तर हिंमतच होती. पण तिथं भेट कागदावर झालेली आहे, माणसं आपापल्या जागी राहिलेली ऐकू येतात, सितारवाला सितारवाल्याचं काम करतोय, ट्रंपेटवाला ट्रंपेटवाल्याचं. तुमचे श्रोते जे 'दोन बँड शेजारी' म्हणतात ना, ते थोडंफार हेच.

आता एक माझी फजिती सांगतो, म्हणजे मी हे नुसतं तोंडाने बोलत नाहीये हे कळेल.

पंधराएक वर्षांपूर्वी मी एका बँडमध्ये होतो, त्यात एक फ्लॅमेंको गिटारवाला आणि त्याचा कहोनवाला मित्र, दोघं स्पेनचे. एक पीस बुलेरियावर, म्हणजे फ्लॅमेंकोतल्या एका तालप्रकारावर, होता. मला सांगितलं बारा बीट्स. मी म्हटलं बारा? एकताल, लहानपणापासून वाजवतोय, धिं धिं धागे तिरकिट, त्यात काय. घरी बसून झकास तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं) बांधली, बारा मात्रांच्या चार आवर्तनांची, समेवर पडणारी. रिहर्सलला सगळं साधारण जमलं, कारण रिहर्सलला आपण एकमेकांकडे बघत असतो, कुणी ना कुणी सावरून घेतं. गिगला झालं काय, आम्ही शेवटाकडे आलो, मी जोशात तिहाई टाकली, आणि गिटारवाला, कहोनवाला, दोघांनीही मिळून पीस कचकन बंद केला. माझ्या समेच्या दोन बीट्स आधी. संपूर्ण शांतता, आणि त्या शांततेत माझा तबला एकटाच, तिरकिट आणि मग एक खणखणीत 'धा'. लोक हसले, टाळ्याही पडल्या, त्यांना वाटलं विनोद केला.

चूक कुणाची? माझीच, पण कुठली ते कळायला वेळ लागला. बुलेरियात बारा मोजतात खरे पण वजन पडतं ते १२, ३, ६, ८ आणि १० वर, मोजणी बारापासूनच सुरू करतात, आणि वाक्य जिथं येऊन बसतं, जिथं आपण 'आली सम' म्हणून मान डोलवू, ती जागा आहे दहा. पहिल्या बीटवर काहीही घडत नाही. आपल्याकडे सम ही सुरुवातही आहे आणि मुक्कामही, त्यांच्याकडे निघायची जागा वेगळी आणि पोचायची वेगळी. हे मला कुणी लपवून ठेवलं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं. बारा हा आकडा दोघांचा सारखा निघाला म्हणून मी समजून चाललो की आतला मालही सारखाच असणार.

त्यानंतर दोन महिने मी त्या बँडमध्ये त्या पीसला तबला वाजवलाच नाही. कहोनवाल्याच्या शेजारी बसून नुसत्या टाळ्या वाजवल्या. त्यांच्याकडे टाळी हे पूर्ण वाद्यच आहे, पाल्मास म्हणतात, मंद टाळी वेगळी, कडक टाळी वेगळी, आणि मी त्यात लाजिरवाणा कच्चा होतो, हात सारखे एकवर पडायचे. माझ्याहून वयाने लहान पोरगा मला रागवायचा. दोन महिन्यांनी तबला परत घेतला तेव्हा मी वेगळं काही बांधलं नव्हतं, पण तिहाई आपोआप दहावर जाऊन बसायला लागली. आणि मग कहोनवाल्याने मला विचारलं की हे तू तीनदा का म्हणतोस. तिथून खरा बँड सुरू झाला असं मी मानतो.

परत शक्तीकडे येतो. त्यांची पहिली रेकॉर्ड ५ जुलै १९७५ ला लाँग आयलंडच्या साउथहॅम्प्टन कॉलेजमधल्या कॉन्सर्टची आहे, लाइव्ह, बाजारात आली १९७६ ला. तीनच ट्रॅक, एक १८ मिनिटांचा, एक पावणेपाच मिनिटांचा आणि एक जवळजवळ अर्ध्या तासाचा. ती ऐकताना तीन गोष्टींकडे कान द्या असं मी शिकणाऱ्यांना सांगतो.

एक म्हणजे गिटार. मॅक्लॉफ्लिनच्या लक्षात आलं होतं की साध्या गिटारवर गमक, म्हणजे सुराला दिलेला हेलकावा, येत नाही, पडद्यांमधल्या लाकडावर बोट अडतं. मग गिब्सनच्या अब्राहम वेक्टर नावाच्या कारागिराने त्याला एक गिटार बनवून दिली, तिच्या पडद्यांमधलं लाकूड खरवडून पन्हाळीसारखं खोल केलेलं, म्हणजे तार वीणेसारखी ओढता येते, आणि साउंडहोलवरून तिरप्या सात जास्तीच्या तारा, तरफांसारख्या. लोक याला जुगाड म्हणून बघतात. मी म्हणतो हा माणूस दुसऱ्याच्या संगीतासाठी स्वतःचं वाद्य तासून घ्यायला तयार झाला, यापेक्षा मोठं काय असतं. तसली गिटार वाजवणंही सोपं नसतं बरं का, बोट जरा जास्त दाबलं की सूर चढतो, सगळे आयुष्यभराचे हात बदलावे लागतात.

दुसरी गोष्ट कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले तीन चार सूर. गिटारवाल्याला कॉर्ड म्हणजे श्वास. पण रागात षड्ज हलत नाही, आणि खाली कॉर्ड बदलली की कानाला षड्जच सरकल्यासारखा वाटतो, वरचा तोच गंधार एकदम वेगळा भासायला लागतो. त्यामुळे अशा बँडांत सगळ्यात जास्त भांडणं इथं होतात, गायिका म्हणते माझा राग मोडला, गिटारवाला म्हणतो मग मी काय नुसतं टुणटुण करू. शक्तीने पहिल्या रेकॉर्डमध्ये यात सरळ बाजू घेतली, कॉर्ड जवळजवळ बाजूला ठेवल्या, आणि मग हळूहळू पुढच्या दोन रेकॉर्डमध्ये त्या परत येऊ दिल्या. मला हा क्रम फार शहाणपणाचा वाटतो. पहिल्याच दिवशी फिफ्टी फिफ्टी करायला गेलं की दोघांचंही पाणचट होतं.

तिसरी, आणि आम्हा तबलजींना सगळ्यात अवघड, ती म्हणजे ठेका. बाहेरच्यांना 'इंडियन पर्कशन' एकच वाटतं, पण हिंदुस्थानी आणि कर्नाटक यांच्यात तालाकडे बघण्याचीच पद्धत वेगळी आहे. आपल्याकडे तबला ठेका धरतो, म्हणजे घड्याळ आपल्या हातात, गाणारा त्यावर विसंबून असतो. त्यांच्याकडे ताल हाताने, टाळी आणि बोटांनी मोजतात, त्यामुळे मृदंगम आणि घटम मोकळे असतात, ते गाण्याच्या आकाराबरोबर चालतात, रचनेचं वाक्य जिथं वळेल तिथं वळतात. मग तबला आणि घटम शेजारी बसले तर घड्याळ कुणाचं? शक्तीत ऐकाल तर झाकीरभाई ठेका धरून बसलेत असं फार थोडा वेळ वाटतं, ते रचनेला चिकटून, जवळजवळ मृदंगमसारखे वाजवतात, आणि घड्याळ सगळ्यांच्या डोक्यात असतं. म्हणजे अल्लारखाँसाहेबांच्या मुलानेसुद्धा काहीतरी खाली ठेवलं तेव्हा ते जमलं. बरेच जण शक्तीचं वर्णन पूर्व पश्चिम असं करतात, मला त्यातलं उत्तर दक्षिण जास्त मोठं वाटतं, कारण एकाच देशातले म्हणून आपण ते अंतर मोजतच नाही.

आणि या सगळ्यांना बांधणारी भाषा होती कोन्नकोल, म्हणजे तोंडाने म्हणायचे तालाचे बोल. तकिट, तकधिमि, तधिगिणतोम. दुसऱ्या रेकॉर्डमधला पहिला ट्रॅक सुरूच या बोलांनी होतो, गिटारवाला इंग्रज आणि मुंबईचा तबलजी तोंडाने ताल म्हणतायत. याचा फायदा असा की ही भाषा वाद्यावर अवलंबून नाही. तोंडाने म्हणता आलं तर गिटारवर निघेल, घटमवर निघेल, व्हायोलिनवर निघेल. मॅक्लॉफ्लिनने पुढे २००७ ला सेल्वागणेशबरोबर यावर शिकवणीची डीव्हीडीसुद्धा काढली. तुमच्या बँडमध्ये अशी समाईक भाषा कोन्नकोलच पाहिजे असं नाही, पाल्मास चालतील, पण एक तरी अशी गोष्ट पाहिजे जी पाचही जणांना वाद्य खाली ठेवून करता येते.

आता खुर्च्यांकडे येऊ, कारण तुमचा खरा प्रश्न तो आहे.

पहिल्या रेकॉर्डवर मृदंगमला राघवन आहेत, घटमला विक्कू विनायकराम. त्यानंतर राघवन नाहीत. बँडने दुसरा मृदंगमवाला आणला नाही. चारच राहिले, आणि दुसरी, तिसरी रेकॉर्ड ऐकलीत तर कळतं की खालचा भरदार आवाज गेला म्हणून घटम पुढे आला, विक्कूंचा तो मडक्याच्या पोटातून येणारा 'घुम' आता मधोमध ऐकू येतो. घटमचं एक बघा, तबल्यासारखी हातोडी मारून त्याची पट्टी बदलता येत नाही, भाजून निघताना जो सूर बसला तो बसला, म्हणून वाजवणारा वेगवेगळ्या पट्ट्यांची मडकी घेऊन फिरतो. असलं हट्टी वाद्य मधे आणून ठेवायचं आणि बाकीच्यांनी त्याच्याभोवती बसायचं, हा बदल माणूस कमी झाल्यामुळे झाला.

तिसरी रेकॉर्ड १९७७ ची, ट्रॅक छोटे झाले, पाश्चात्य वाद्यं थोडी वाढली. मला ती पहिल्या दोनइतकी आवडत नाही, पण अडचणही कळते, महाविष्णूची इलेक्ट्रिक गिटार ऐकायला आलेल्या लोकांसमोर चार माणसं मांडी घालून बसलीत म्हटल्यावर रेकॉर्ड कंपनीच्या कपाळावर आठी येणारच. १९७८ ला बँड थांबला.

पुढे जवळजवळ वीस वर्षं, अधूनमधून जमणं सोडलं तर, काही नाही. म्हणजे बँड नाही, माणसं चालू होती: मॅक्लॉफ्लिन पाको द लुसियाबरोबर गिटार त्रिकूटात, झाकीरभाई आणि विक्कू मिकी हार्टच्या प्लॅनेट ड्रममध्ये, ज्या अल्बमला वर्ल्ड म्युझिकचं पहिलंवहिलं ग्रॅमी मिळालं. सगळे वाढत होते, वेगवेगळ्या दिशांना. म्हणून १९९७ ला इंग्लंडच्या छोट्या टूरसाठी परत जमले तेव्हा शंकरची खुर्ची रिकामी होती आणि तिथं त्यांनी काय केलं? व्हायोलिन आणलं नाही. हरिप्रसादजींची बासरी आणली. आणि बासरी आली तसा बँडच बदलला, तो १९७५ चा तडतडाट गेला, आलाप लांबला, त्या दौऱ्याच्या रेकॉर्डवर एक पीस तासाभराहून मोठा आहे. नावही प्रामाणिक ठेवलं, 'रिमेंबर शक्ती'.

मग बासरीही गेली आणि तिथं आला यू. श्रीनिवास, इलेक्ट्रिक मँडोलिन, आठ तारांच्या जोड्या टाकून पाच एकेरी तारांचं केलेलं, म्हणजे पुन्हा तेच, वाद्य बदलून घेतलेला माणूस. आणि विक्कूंच्या जागी त्यांचा मुलगा व्ही. सेल्वागणेश. घराणं पुढे चाललं असं वाटेल, पण पोराने बापाचं घटमच पुढे केलं असं नाही, तो मुख्यतः खंजिरा घेऊन आला. तळहाताएवढं वाद्य, एकच पान, त्यावर पाणी शिंपडून सूर उतरवायचा आणि डाव्या हाताच्या बोटांनी दाबून वाकवायचा. घटमचा गोलवा गेला, खंजिऱ्याची धार आली, आणि श्रीनिवासच्या मँडोलिनला तीच धार पाहिजे होती.

डिसेंबर २००० ला मुंबईत ते वाजले तेव्हा पाहुण्यांमध्ये शंकर महादेवन होते, आणि नंतर ते बँडचेच झाले. बँडच्या मधोमध पहिल्यांदा गायक. वाद्यांच्या बँडमध्ये गाणं आलं की सगळ्यांना मागे सरकावं लागतं, कारण शब्द आले की लोकांचे कान तिकडेच जातात. ते सरकले.

२०१४ च्या सप्टेंबरमध्ये श्रीनिवास गेला, अवघा ४५ वर्षांचा. मँडोलिनवाला दुसरा आणला नाही, तसा दुसरा होताही कुठे. काही वर्षं बँड शांतच होता. मग २०२० च्या सुमारास गणेश राजगोपालन यांचं व्हायोलिन घेऊन परत उभा राहिला, नाव पुन्हा नुसतं 'शक्ती'. म्हणजे व्हायोलिन परत आलं, पण चाळीसेक वर्षांनी, आणि आता शेजारी गायक होता, त्यामुळे १९७५ च्या व्हायोलिनने जे केलं, गिटारशी कुस्ती, ते या व्हायोलिनला करायचंच नव्हतं, याला गळ्याच्या बाजूने चालायचं होतं. २०२३ ला जी रेकॉर्ड आली ती १९७७ नंतरची त्यांची पहिली स्टुडिओ रेकॉर्ड, कोविडमुळे बरीचशी आपापल्या ठिकाणाहून वाजवून जोडलेली. तिला फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं, तोवर त्या कॅटेगरीचं नाव वर्ल्डवरून ग्लोबल झालं होतं, म्हणजे रॅकचं लेबल पुन्हा एकदा बदललं. आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीरभाई गेले. त्यावर मी इथं काही लिहीत नाही, मला जमत नाही.

हे फक्त शक्तीचंच नाही. ओरेगॉन नावाचा अमेरिकन बँड होता, १९७० चा, त्यात कॉलिन वॉलकॉट सितार आणि तबला वाजवायचा, रविशंकर आणि अल्लारखाँ यांच्याकडे शिकलेला. १९८४ ला टूरवर असताना अपघातात गेला. त्याच्या जागी आला त्रिलोक गुर्टू, आपल्या शोभाताई गुर्टूंचा मुलगा. सितार बँडमधून गेलीच. त्रिलोकचा सेटअप म्हणजे जमिनीवर बसून वाजवायचा ड्रमसेट, तबला, आणि पाण्याची बादली, जिच्यात झांज बुडवून तो सूर खाली आणतो. कागदावर बघाल तर अमेरिकन भारतीय वाद्यं वाजवणारा गेला आणि भारतीय माणूस आला, म्हणजे बँड जास्त भारतीय व्हायला हवा होता, पण त्याचा ताल जास्त आफ्रिकेकडे, जॅझकडे गेला. माणसाचा देश बघून त्याचं संगीत ओळखायला गेलं की असं फसायला होतं.

आता तुमचं. माझा अंदाज असा की तुमच्याकडे तबला आणि कहोन दोघंही घड्याळ धरून बसलेत. हे मी न ऐकता सांगतोय पण दहातल्या आठ बँडांत हेच निघतं. मोबाइलवर एक रिहर्सल रेकॉर्ड करा आणि फक्त त्या दोघांना ऐका. दोघं एकाच वेळी एक दाखवत असतील, तर श्रोत्याला दोन बँड ऐकू येणारच. एका पीसला तबल्याने ठेका सोडायचा, दुसऱ्याला कहोनने, आणि ज्याने सोडला त्याने तो पीस होईपर्यंत दुसऱ्याच्या पद्धतीने टाळी द्यायची, वाजवायचं नाही. लाज वाटेल, वाटू दे.

गिटार आणि गायिकेचं कॉर्डवरून जे काही चालू असेल (चालू असणारच) ते एका पीसपुरतं तरी शंभर टक्के एका बाजूने सोडवा. एका गाण्यात एकही कॉर्ड बदलायची नाही, दुसऱ्यात गायिकेने कॉर्डप्रमाणे चालायचं आणि राग मोडला तर मोडू द्यायचा. मधलं काही नको, निदान वर्षभर.

पैशाचं पटकन सांगतो कारण त्यावर माझा एक चांगला बँड तुटलाय. धून कुणी आणली त्याचं नाव रचनाकार म्हणून लागतं, आणि ज्याने तिचा ताल फिरवला, मधला भाग बांधला, शेवट शोधला तो 'पर्कशन' म्हणून खाली जातो. तबला, कहोनवाल्यांचं हे कायमचं दुखणं. गायिकेच्या गावाकडची पारंपरिक चाल असेल तर अजूनच गुंता, ती 'पारंपरिक' म्हणून नोंदायची की तिच्या नावावर. रेकॉर्डिंगच्या आधी, सगळे एकमेकांवर खूश असताना, प्रत्येक पीसची वाटणी लिहून ठेवा. नंतर लिहायला बसलं की एकेकाची स्मरणशक्ती वेगवेगळी निघते.

आणि व्हायोलिन. ती जायच्या आधी तिच्याकडून एक काम करून घ्या, तिची सगळ्यात महत्त्वाची दोन तीन वाक्यं बाकी चौघांना तोंडाने शिकवून जाऊ दे, गाऊन, बोलात, कशीही. मग ती गेल्यावर चार रिहर्सल चौघांनीच करा. त्या वाक्यांच्या जागा मुद्दाम रिकाम्या ठेवा, कुणी भरायला धावू नका. पहिल्या रिहर्सलला भयाण वाटेल. तिसऱ्याच्या आसपास कुणाचा तरी हात आपोआप तिकडे जायला लागतो, बहुतेक वेळा ज्याचा तुम्ही विचारही केला नसेल त्याचा, आमच्याकडे एकदा बासरीवाला गेला होता आणि त्याची जागा बेसवाल्याने वरच्या तारांवर घेतली, तो बेसवाला चार वर्षं कधी मान वर करून बघायचा नाही. चौथ्या रिहर्सलनंतरही तीच जागा रिकामीच वाटत असेल तर तेव्हा बघा तिथं नेमकं काय कमी आहे, लांब टिकणारा सूर कमी आहे, का वरची पट्टी, का गायिकेला उत्तर देणारं कुणी. त्यावरून माणूस शोधा. व्हायोलिनच निघालं तर निघू दे, पण सरोद निघू शकेल, क्लॅरिनेट निघेल, किंवा कुणीच नको असंही निघेल.

नवीन माणूस आला की त्याला जुनी रेकॉर्डिंग पाठवून 'एवढं बसवून ये' म्हणू नका. पहिल्या भेटीत त्याला काहीतरी शिकवायला सांगा, त्याच्याकडचं, तुमच्यापैकी कुणालाच न येणारं. तुम्ही चौघंही त्यात चुकत असताना तो कसा वागतो ते बघा.